नंबरावरून माणसं ओळखणारे काका

वसई तालुक्यात ज्या कुणाला डोळे आहेत त्या सगळ्यांची जबाबदारी आपल्या एकट्यावर आहे, असं माझ्या मैत्रिणीचे, मृणालचे, बाबा मनापासून मानतात. आणि खरं सांगायचं तर तालुक्यातल्या निम्म्या लोकांचाही तसाच समज आहे. सरकारी दवाखान्यात ते डोळे तपासायचे. डॉक्टर नव्हेत, डॉक्टरांकडे जाण्याआधी पेशंट ज्यांच्यासमोर बसतो, ते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण ती निवृत्ती पगारापुरतीच लागू झाली. सांडोरला त्यांची केळीची वाडी आहे, वाडीत विहीर आहे, विहिरीसमोर आंबा आहे आणि त्या आंब्याच्या खोडावर अक्षरांचा तक्ता खिळ्यांनी ठोकलेला आहे. विहिरीच्या कठड्यापासून तक्त्यापर्यंत बरोबर सहा मीटर भरतात. विहीर त्यांच्या आजोबांनी खणली आणि आंबा वडिलांनी लावला, त्यामुळे "आमच्या घराण्यात आधीपासूनच दृष्टी होती," असं ते ऐकवतात. भाजी घ्यायला आलेली बाई भाव विचारायच्या आधी कठड्याशी उभी राहून चौथी ओळ वाचते. वाचता आली नाही तरी काका भाजी देतात, पण काळजीच्या चेहऱ्यानं देतात, आणि जुडीबरोबर कुठल्या दवाखान्यात कुठल्या वारी जायचं याची चिठ्ठीही देतात.

माणसाचं नाव त्यांच्या लक्षात राहत नाही. नंबर राहतो. "अगं तो नाही का, तळ्यापलीकडचा, मायनस साडेचार, डाव्या डोळ्याला थोडा सिलिंडर? त्याच्या मुलीचं ठरलं," असं ते सांगतात आणि काकू त्याचं मराठीत भाषांतर करतात. मी अकरावीत असताना मृणालबरोबर अभ्यासाला म्हणून पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते खांद्यावर केळीचा लोंगर घेऊन वाडीतून येत होते. मला बघून थबकले. 'ये', 'बस' काही नाही. लोंगर खांद्यावर तसाच. "मायनस दोन?" "सव्वादोन," मी म्हटलं. "दोन्ही?" "दोन्ही." "वा!" असं म्हणून त्यांनी लोंगर खाली ठेवला. एवढं कौतुक मला दहावीच्या निकालालाही मिळालं नव्हतं. पुढची दोन वर्षं त्या घरात माझं नाव सव्वादोन होतं. मग माझा नंबर वाढला, अडीच झाला, ते मी त्यांना फोनवर सांगितलं. फोन ठेवल्यावर त्यांचा उतरलेला चेहरा बघून काकूंनी विचारलं, "काय झालं हो?" तर म्हणाले, "आपली सव्वादोन गेली." काकूंच्या हातातली परात खाली पडली. त्या पायात चप्पल न घालता निघाल्या होत्या, मृणालनं त्यांना फाटकाशी गाठून परत आणलं.

खरं म्हणजे हे सगळं प्रेम मृणालच्या वाट्याचं होतं. आपली मुलगी ऑप्टोमेट्री, म्हणजे डोळे तपासायचं शास्त्र, शिकणार, आपल्याला जी पदवी मिळाली नाही ती घेणार, असं काकांनी ती बालवाडीत असतानाच ठरवून टाकलं होतं. मृणालनं मात्र बारावीनंतर शांतपणे जाहीर केलं, की तिला केक करायचे आहेत. ती आज पुण्यात उत्तम केक करते. पण मधल्या काळात साठून राहिलेलं सगळं मार्गदर्शन कुठंतरी जायला हवं होतं, आणि त्याच सुमारास डॉक्टरकीला मार्क कमी पडले म्हणून मी एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये उशीत तोंड खुपसून पडले होते. काका केळ्यांची एक फणी घेऊन आले आणि माझ्या बाबांसमोर बसले ते तीन तास उठले नाहीत. माझे बाबा मूळचे रत्नागिरीकडचे, मुंबईतल्या विमा कंपनीत नोकरीला. कुठल्याही गोष्टीतला धोका आधी बघायची त्यांना सवय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे डॉक्टर का?" "नाही." "म्हणजे चष्म्याचं दुकान?" "तसंही नाही." "मग नावाआधी काय लावायचं?" काका म्हणाले, "नावाआधी काही लागत नाही. म्हणून तर काम नीट करावं लागतं." बाबांना हे उत्तर पटलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी एक केळं सोलून खाल्लं आणि माझा प्रवेश झाला.

त्यानंतर चार वर्षं माझी सकाळ काकांच्या आवाजानं उजाडली. पावणेसहाला मोबाईलवर त्यांचा संदेश यायचा, बोललेला, किमान अकरा मिनिटांचा. त्या वेळी ते वाडीला पाणी सोडत असायचे. "बाय, लक्षात ठेव. नोकरी शोधताना पहिला प्रश्न पगाराचा नाही विचारायचा. पहिला प्रश्न, तुमच्याकडे मला शिकवणार कोण? दुसरा प्रश्न... अगो, पाईप कोनी काढला? पानी सगला गवारीत चालला!... हां, तर दुसरा प्रश्न." करिअरविषयी ते पुस्तकी मराठीत बोलायचे आणि पाईपविषयी घरच्या बोलीत. मी कॉलेजातल्या मैत्रिणींना हे संदेश पाठवायला लागले आणि बघता बघता आम्ही चौघीजणी त्यांच्या विद्यार्थिनी झालो. कॉलेजात भिंग, किरण, स्नायू, नसा सगळं शिकवत; पण शिकून झाल्यावर माणसानं जायचं कुठं, हे सांगायला कुणाला वेळ नव्हता. काकांना वेळच वेळ होता. मुलगी बघायला जावं तसे ते आम्हाला नोकऱ्या बघायला न्यायचे. एक दिवस चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे उभं राहायचं, एक दिवस डोळ्यांच्या हॉस्पिटलात, एक दिवस कॉन्टॅक्ट लेन्स बसवणाऱ्यांकडे, एक दिवस अगदी कमी दिसणाऱ्या मुलांच्या शाळेत. परत येताना स्थळं बघितल्यासारखी चर्चा. "घर चांगलं आहे, पण तिथं तुला बोलू देणार नाहीत," असं ते एका भपकेबाज हॉस्पिटलाबद्दल म्हणाले होते.

तिसऱ्या वर्षापासून मुलाखतींचा सराव सुरू झाला. केळीच्या दोन रांगांमध्ये पालथ्या क्रेटवर काका बसायचे. अंगात गंजी आणि गंजीवर टाय. मुलाखत घेणारा माणूस टायशिवाय असूच शकत नाही, अशी त्यांची खात्री होती. पहिला प्रश्न ठरलेला: "तुम्ही डॉक्टर का नाही झालात?" "मार्क कमी पडले," मी खरं सांगून टाकलं. "रडगाणं. नापास." पुढच्या रविवारी मी म्हटलं, "मला लहानपणापासून डोळ्यांची आवड होती." "थाप. नापास." असे किती रविवार गेले. शेवटी एकदा डास चावून चावून वैताग आला होता, तेव्हा मी ओरडलेच, "मार्क कमी पडले म्हणून आले, पण आता कुणी मार्क आणून दिले तरी जायची नाही!" काकांनी टायची गाठ सैल केली. "पास. आत जा, काकूंनी अळुवड्या केल्यात." माझा बायोडेटाही त्यांनी असाच सोलून काढला. मी लिहिलं होतं: मेहनती, प्रामाणिक, सर्वांशी मिळूनमिसळून वागणारी. त्यांनी तिन्हींवर काट मारली. "हे तुझ्याबद्दल दुसऱ्यानं म्हणायचं. तुला काय येतं ते लिही. रडणाऱ्या मुलाचा डोळा तपासता येतो? ते लिही. बहिऱ्या आजीचा नंबर काढता येतो? ते लिही."

त्यांच्या या सेवाभावामुळे एकदा एक लग्न मोडता मोडता राहिलं. मृणालच्या चुलतबहिणीचं लग्न, हॉल भरलेला, काका अक्षता घेऊन पुढं उभे. त्यांचं लक्ष अर्थातच नवऱ्या मुलाच्या डोळ्यांकडे. शेजारच्याला हळहळून म्हणाले, "मुलाचा उजवा डोळा आळशी आहे हो." लहानपणी एका डोळ्यानं नीट काम केलं नाही तर त्याची नजर पक्की होत नाही, त्याला आळशी डोळा म्हणतात. शेजारच्यानं ते मागच्या रांगेला सांगितलं. तिसऱ्या रांगेपर्यंत त्यातला डोळा गळाला आणि 'मुलगा आळशी आहे' एवढंच उरलं. भटारखान्यात पोहोचेपर्यंत 'मुलगा काहीच करत नाही' झालं होतं. मुलीचे मामा उठून व्यासपीठावर गेले आणि भर मंडपात त्यांनी नवऱ्या मुलाला विचारलं, "तुम्ही नोकरीला आहात ना नक्की?" बिचारा बँकेत अधिकारी होता. काय घडलंय हे लक्षात आल्यावर काका धावले, भटजींच्या हातातला माइक घेतला आणि खुलासा केला. इथवर ठीक होतं. पण माइक हातात आलाच आहे तर म्हणून त्यांनी मुलांना शाळेत घालण्यापूर्वी त्यांचे डोळे तपासून घेण्याचं महत्त्वही सांगितलं, आणि मुहूर्त टळतोय म्हणून भटजी दोन्ही हात जोडून उभे राहिले तेव्हाच ते खाली उतरले. त्या महिन्यात विहिरीच्या कठड्याशी लहान मुलांची रांग लागली होती. त्यातल्या दोघांचा एकेक डोळा खरंच आळशी निघाला. नवरा मुलगा अजूनही काकांशी जपूनच बोलतो.

पण काकांचं खरं रूप दिसायचं ते शिबिरात. पूर्वेकडच्या गावांमध्ये डोळे तपासायची शिबिरं ते भरवत आणि आम्हा चौघींना त्यांच्या जुन्या व्हॅनमधून नेत. तिथं त्यांचे दोन नियम होते. पहिला बोलण्याचा. "तुम्हाला कमी दिसतं का, असं विचारू नका. कमी असलेलं कुणाला कबूल करायला आवडतं? घरी सुईत दोरा कोण ओवतं, ते विचारा." पेशंट 'पानी' म्हणाला तर आपण हसायचं नाही; तुमच्या ओठावर हसू दिसलं की पुढचं महत्त्वाचं तो गिळून टाकतो. दुसरा नियम परतीच्या वाटेवरचा. व्हॅनमध्ये बसलो की प्रत्येकीनं दिवसभरातला एक पेशंट सांगायचा. नंबर नाही सांगायचा, माणूस सांगायचा. जन्मभर नंबरावरून माणसं ओळखणाऱ्या गृहस्थानं हा आग्रह धरावा याचं आम्हाला हसू यायचं, आणि दमलेल्या असल्यामुळे कंटाळाही यायचा.

शेवटच्या वर्षाचं प्रशिक्षण संपत आलं होतं, तेव्हाची गोष्ट. मालाडच्या एका मॉलमधल्या मोठ्या चष्म्याच्या दालनानं मला नोकरी देऊ केली होती आणि सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. दुसरीकडे एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात वर्षभराच्या पुढच्या प्रशिक्षणासाठी मी अर्ज केला होता. तिथं काम दुप्पट आणि मिळणार निम्मं. बाबांचा कल उघड होता. मला काही सुचत नव्हतं. रविवारी चांदीपच्या शाळेत शिबिर होतं आणि माझ्या खिशातला फोन दर अर्ध्या तासानं बाबांच्या संदेशानं थरथरत होता: 'हो कळवलंस का?' दुपारी सुनंदाबाई नावाच्या एक बाई माझ्यासमोर बसल्या. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, हातभर हिरव्या बांगड्या. तांदूळ निवडताना खडे दिसत नाहीत, चष्मा हवा, एवढीच त्यांची तक्रार. मी जवळचा नंबर काढला, तो अगदी चोख काढला. उठता उठता त्या म्हणाल्या, "न् बाय, संध्याकाली कधी कधी डोका लय ठनकतो. दिव्याभोवती रंगीत कंकन दिसतं." फोन पुन्हा थरथरला. "चष्मा लागला की बरं वाटेल," मी म्हटलं, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

परतताना व्हॅनमध्ये माझी पाळी आली तेव्हा मी सुनंदाबाईच सांगितल्या. त्या शब्दासाठी. "दिव्याभोवती रंगीत कंकन दिसतं म्हणाल्या. किती सुंदर शब्द आहे ना, काका?" व्हॅनचा वेग कमी झाला. मीच पुढं म्हणाले, "आणि डोकं ठणकतं म्हणाल्या, संध्याकाळी..." दिव्याभोवती रंगीत वलयं, संध्याकाळची डोकेदुखी, वय, तो नंबर; हे सगळं एकत्र आलं तर त्याला काय म्हणतात ते मी परीक्षेत दोनदा लिहिलं होतं आणि दोन्ही वेळा पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. काचबिंदूचा एक प्रकार असतो, त्यात डोळ्यातलं पाणी बाहेर पडायची वाट एकाएकी बंद होते आणि आतला दाब चढतो. पुरता झटका आला तर काही तासांत नजर जाऊ शकते, आणि गेलेली परत येत नाही. व्हॅन रस्त्याच्या कडेला थांबली होती. "काका, मी त्यांना उलटी होते का ते विचारलंच नाही," मी म्हटलं. "चला, विचारू," काका म्हणाले आणि त्यांनी गाडी वळवली.

शाळेला कुलूप लागलं होतं. माझ्या वहीत त्यांचं नाव होतं, पाड्याचं नाव होतं, आणि फोन नंबराचा रकाना मी घाईत रिकामा सोडला होता. पिठाच्या गिरणीवर विचारलं, एका अंगणात विचारलं, भाताच्या खाचरांमधल्या बांधावरून चालत गेलो. मी पुढं धावत होते आणि काका मागून ओरडत होते, "पडशील! तू पडलीस तर तपासणार कोण?" घर सापडलं तेव्हा सूर्य कलला होता. सुनंदाबाई आतल्या अंधाऱ्या खोलीत कपाळावर ओलं फडकं घेऊन पडल्या होत्या, उशाशी घमेलं. "पित्त झालंय," त्यांचे यजमान म्हणाले, "झोपली की बरं वाटेल." काकांनी खिशातली विजेरी काढली, पण स्वतः नाही वापरली. माझ्या हातात दिली. मी डोळ्याच्या बाजूनं उजेड टाकला. बुबुळाचा नाकाकडचा अर्धा भाग सावलीत राहिला, म्हणजे आतली जागा अगदी चिंचोळी. उजवा डोळा लाल झाला होता. "आज झोपायचं नाही," मी म्हटलं, "आत्ता निघायचं." हा माझा आवाज आहे हे मला कळायला क्षणभर वेळ लागला. यजमान काकांकडे बघायला लागले. काका म्हणाले, "बाय सांगते तसं करा."

निघतानाच काकांनी हॉस्पिटलात फोन केला होता, डॉक्टर तयार होते. थेंब, गोळ्या, सलाईन. आम्ही बाहेर जिन्यावर बसलो. चार वर्षांत पहिल्यांदा काका अकरा मिनिटं सलग गप्प बसलेले मी बघितले. मग म्हणाले, "माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष होतं. असंच शिबिर. एक म्हातारा मला असंच काहीतरी सांगून गेला. संध्याकाळी मला कुणी विचारलं नाही, आज कोण भेटलं म्हणून. मलाही आठवलं नाही. दीड महिन्यानं तो काठी टेकत आला, तेव्हा आठवलं." मी त्यांच्याकडे बघितलं. ते पायरीकडे बघत होते. "म्हणून विचारतो," एवढंच म्हणाले.

तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. "दाब उतरतोय. वेळेवर आणलंत. लेझरनं वाट मोकळी करून देऊ, दोन्ही डोळ्यांना." मी जिन्यावरच भिंतीला टेकले, आणि व्हॅन वळल्यापासून कुणीतरी माझ्या छातीवर बसलं होतं ते उठून गेल्यासारखं वाटलं. काका झपाझप खाली गेले, समोरच्या गाडीवरून उसाच्या रसाचे दोन ग्लास घेऊन आले, एक माझ्यासाठी म्हणून आणि एक स्वतःसाठी म्हणून. आणि माझ्यासमोर उभं राहून दोन्ही ग्लास एकापाठोपाठ एक स्वतःच पिऊन टाकले. रिकामा ग्लास मला देताना त्यांच्या लक्षात आलं. मग आम्ही दोघं इतके हसलो, की आतून नर्सबाई बाहेर आल्या.

हसू ओसरल्यावर मी त्यांना सांगून टाकलं, की मी मॉलमधली नोकरी घेते. "तिथं नुसते चष्मे करायचे. असं कुणाचं काही माझ्या हातून राहून जायला नको." काका रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "घे की. दुकानाला मी कधी नावं ठेवली? पण सुनंदाबाई दुकानात येणार नाहीत, असं तुला कुणी सांगितलं? त्या आज चष्माच मागायला आल्या होत्या." जरा वेळानं तेच पुढं म्हणाले, "दुकानात जा, हॉस्पिटलात जा, कुठंही जा. पण कंकण म्हटल्याबरोबर कान टवकारले पाहिजेत. ते कुठं शिकायला मिळेल तेवढं बघ."

सोमवारी मी मॉलला 'नाही' म्हणून कळवलं. बाबांना मी सगळं खरं सांगितलं, चुकीसकट. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बाईंना दिसतंय ना?" "दिसतंय." "मग झालं," असं म्हणून त्यांनी हातातला मोबाईल बाजूला ठेवला, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा ते पोटभर जेवले. मलाही तेव्हाच कळलं, की त्यांना मालाडच्या नोकरीचं काही पडलं नव्हतं. मुलीचं काहीतरी एकदाचं ठरावं, एवढंच हवं होतं. हॉस्पिटलातल्या मुलाखतीत समोर तिघं बसले होते, तिघांनाही टाय नव्हता. "तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा," असं त्यांनी विचारलं. मी चांदीपची गोष्ट सांगितली. त्यातल्या एका बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आता कशा आहेत त्या?" मी म्हटलं, "परवा भेटले. म्हणाल्या, आता कंकना हातातच हायत, दिव्याला नाय." माझी निवड झाली. काकांना फोन केला तेव्हा ते वाडीत होते. "झालं का? झालं ना? बरं झालं, बरं झालं," असं ते इतक्या वेळा म्हणाले, की मला मोजता आलं नाही, आणि तेवढ्यात मागे पाईप सुटल्याचा आवाज आला तरी ते त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

आज मी विरारच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलात काम करते. काका आता थकलेत. व्हॅन विकली, शिबिरं बंद झाली; मृणाल त्यांना पुण्याला बोलावते, पण तिकडं ते चार दिवसांच्या वर टिकत नाहीत. गेल्या महिन्यात मी त्यांना हट्टानं हॉस्पिटलात आणलं, सगळी तपासणी केली. मोतीबिंदूची किंचित सुरुवात सोडली तर डोळे उत्तम आहेत, हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला. त्यांना त्याचं काही विशेष नव्हतं. त्यांचं लक्ष डोळ्याच्या आतला पडदा टिपणाऱ्या कॅमेऱ्याकडे होतं. मी त्यांना हनुवटी टेकवून बसवलं, एक झगझगीत उजेड झाला आणि समोरच्या पडद्यावर त्यांच्याच डोळ्याचं आतलं चित्र आलं: नारिंगी गोल आणि त्यावर पसरलेल्या लाल फांद्या. हजारो लोकांच्या डोळ्यांत डोकावलेल्या माणसानं स्वतःच्या डोळ्याचा तळ आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. बराच वेळ बघत राहिले. "हा मी?" म्हणाले.

मग त्यांनी यंत्राच्या कडेवरून हात फिरवला. "आमच्या वेळी असतं, तर..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. "हे शिकायला किती दिवस लागतात गं?"

"दोन," मी म्हटलं.

"मला जमेल?"

मला एकदम जाणवलं, की आम्हा सगळ्यांच्या नोकऱ्या बघत हिंडलेल्या या माणसाला, त्याच्या विशीत, तुला काय व्हायचंय असं कुणी विचारलंच नसणार. मी उठले, माझी खुर्ची त्यांना दिली आणि समोर जाऊन हनुवटी टेकवून बसले. पहिला फोटो हलला. दुसऱ्यात नुसत्या माझ्या पापण्या आल्या. "हलू नकोस, बाय," ते दटावून म्हणाले, आणि चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा वाकले. बाहेर तीन पेशंट बसले होते. मी नर्सला सांगून त्यांना थोडं थांबायला लावलं.